शिडाची फळी : सहलीची आखणी आणि साधनांची निवड

गेल्या वर्षी एप्रिल महिन्यात, वार्षिक परीक्षेचा शेवटचा पेपर झाला त्याच आठवड्यात, नववीतील सहा विद्यार्थी आणि मी असे सातजण करंझाळ्याच्या किनाऱ्यावर गेलो होतो. मुलांना 'विंडसर्फिंग' शिकायचे होते. पाण्यावर तरंगणारी फळी, तिच्यावर उभे केलेले शीड, आणि ते शीड दोन्ही हातांनी तोलून धरणारा माणूस, एवढाच या खेळाचा संसार. मी शाळेत भूगोल आणि विज्ञान शिकवतो. तरुणपणी हा खेळ थोडाफार खेळलेलो आहे. तेव्हा सहलीची सर्व व्यवस्था मी आपल्याकडे घेतली, आणि ती वाईट केली. वार रविवार निवडला, कारण टेम्पो त्याच दिवशी मोकळा होता. साधने एका परिचित गृहस्थांकडून मागून आणली. जी मिळाली ती घेतली. त्या दिवशी पौर्णिमा होती, ही गोष्ट माझ्या ध्यानातही आली नाही.

दुपारी सव्वादोनच्या सुमारास आमच्यापैकी सर्वांत हलका मुलगा, वजन अवघे बेचाळीस किलो, फळीवर चढला. वारा समुद्राकडून छान वाहत होता. त्याने शीड उचलले, चारदोन हात पुढे गेला आणि पडला. पुन्हा उचलले, पुन्हा पडला. शीड सहा चौरस मीटरचे होते. ते पाण्यातून वर काढणे त्याच्या आवाक्याबाहेरचे होते. प्रत्येक खेपेस तो पडे तेव्हा आम्ही किनाऱ्यावरून हसत होतो. तिसऱ्या-चौथ्या खेपेनंतर माझ्या लक्षात आले की तो आमच्यासमोर राहिलेलाच नाही. तो मांडवीच्या मुखाच्या दिशेने, आग्वादच्या टोकाकडे आणि खुल्या समुद्राकडे सरकत होता. अर्ध्या तासात तो इतका दूर गेला की त्याचे डोके दिसेनासे झाले. केवळ फळीचा पिवळा रंग दिसत राहिला. एका खारव्याने आपली होडी काढली व त्याला आणले. मुलगा थकलेला, पण धडधाकट होता. सहलीपूर्वी सांगितलेली एक गोष्ट त्याने पाळली होती : काहीही झाले तरी फळी सोडायची नाही. बाकीच्या ज्या गोष्टी मी सांगायला हव्या होत्या, त्या सांगितलेल्याच नव्हत्या.

होडी वाळूला लागल्यावर त्या वृद्ध खारव्याने मला एकच प्रश्न केला, "मास्तर, तीथ पळयली?" मी तिथी पाहिली नव्हती. प्रस्तुत लेख त्या प्रश्नाचे उत्तर म्हणून लिहिला आहे, असे समजावे.

प्रथम या खेळाविषयी थोडेसे. शिडाच्या होडीत डोलकाठी होडीला पक्की बसवलेली असते. येथे ती फळीशी अशा एका सांध्याने जोडलेली असते की तो सर्व दिशांना वळतो. हात सोडले की शीड आपोआप पाण्यावर आडवे होते. नौकेला सुकाणू असते, या फळीला नसते. शीड पुढे-मागे कलवूनच ती वळवावी लागते. अमेरिकेत पेनसिल्व्हानियातील न्यूमन डार्बी यांनी १९६४ मध्ये अशी शिडाची फळी बनवली आणि १९६५ च्या ऑगस्टमध्ये 'पॉप्युलर सायन्स' या मासिकात तिची माहिती प्रसिद्ध केली. पुढे कॅलिफोर्नियातील हॉइल श्वाइत्झर आणि विमानविद्येचे अभियंते जिम ड्रेक यांनी १९६८ मध्ये आपल्या रचनेच्या पेटंटसाठी अर्ज केला व १९७० मध्ये त्यांना ते मिळाले. त्यांच्या फळीचा जगभर प्रसार झाला. परंतु इंग्लंडमध्ये या पेटंटवरून खटला उभा राहिला, तेव्हा एक चमत्कारिक पुरावा पुढे आला. पीटर चिल्व्हर्स नावाच्या बारा वर्षांच्या मुलाने १९५८ सालीच, दक्षिण इंग्लंडमधील हेलिंग बेटाच्या किनाऱ्यावर, स्वतः बनवलेली शिडाची फळी पाण्यात चालवली होती. शीड धरण्यासाठी त्याने सरळ काठ्यांची जोडी लावली होती. वाऱ्याच्या ताणाने त्या काठ्या बाक घेत. १९८५ मध्ये तेथील न्यायालयाने हा पुरावा ग्राह्य धरला आणि इंग्लंडपुरते ते पेटंट रद्द ठरवले. आमच्या वर्गात ही हकीकत सांगितली तेव्हा मागच्या बाकावरच्या मुलांनी सर्वांत अधिक टाळ्या वाजवल्या.

१९८४ च्या लॉस एंजेलिस येथील ऑलिंपिकमध्ये पुरुषांसाठी, आणि १९९२ मध्ये बार्सिलोना येथे महिलांसाठी या खेळाची स्पर्धा प्रथम झाली. १९९६ साली हाँगकाँगला त्याच्या इतिहासातील पहिले ऑलिंपिक सुवर्णपदक मिळाले ते याच खेळात, ली लाय-शान या युवतीमुळे. आपल्या देशाचे म्हणाल तर २०२३ मध्ये हांगझोऊ येथील आशियाई क्रीडास्पर्धेत इबाद अली या तरुणाने कांस्यपदक मिळवले. त्याची तयारी झाली ती समुद्रावर नव्हे, भोपाळच्या मोठ्या तलावावर; इंदूर-ग्वाल्हेरकडील आपल्या वाचकांनी हे अवश्य लक्षात घ्यावे. गोव्याच्या कात्या कुएल्यो यांनीही या खेळात भारताचे प्रतिनिधित्व केलेले आहे.

आता शीड चालते कसे, ते पाहू. वारा पाठीमागून ढकलतो म्हणून फळी पुढे जाते, असे बहुतेकांना वाटते. ते अर्धेच खरे आहे. शीड वाऱ्याशी थोड्या कोनात धरले म्हणजे ते पक्ष्याच्या पंखाप्रमाणे बाक घेते. वारा त्याच्या दोन्ही अंगांनी वाहतो, त्याची दिशा बदलते आणि शिडाच्या बाहेरच्या, फुगीर अंगाकडे ओढ निर्माण होते. ही ओढ काही अंशी पुढे व बऱ्याच अंशी बाजूला असते. फळीच्या खाली मागल्या टोकाशी एक पर असतो, आणि शिकाऊ फळीला मध्यभागी आणखी एक लांब पट्टी पाण्यात सोडलेली असते. बाजूला सरकण्याची क्रिया या दोहोंमुळे अडते. उरते ती पुढची गती. म्हणूनच वाऱ्याला आडवे जाणे सर्वांत सोपे, आणि तिरपे तिरपे जात वाऱ्याच्या उगमाकडे चढणेही शक्य असते. मात्र ज्या दिशेने वारा येतो, तिच्या दोन्ही बाजूंना सुमारे ४५-४५ अंशांच्या पट्ट्यात कोणतेही शीड काम देत नाही. घरी परतायचे ठिकाण त्या पट्ट्यात असेल तर नागमोडी मार्गानेच यावे लागते, आणि नवशिक्याला तेच साधत नाही.

वळण्याचे तत्त्वही असेच साधे आहे. शीड पुढे कलवले की वाऱ्याचा जोर फळीच्या पुढल्या भागावर येतो आणि नाक वाऱ्यापासून दूर वळते. मागे कलवले की नाक वाऱ्याकडे वळते. घराच्या छपरावरचा वातकुक्कुट ज्या नियमाने फिरतो, तोच हा नियम. बाकीचे पाय शिकतात.

वाऱ्याविषयी एक गोष्ट मात्र मनावर कोरून ठेवली पाहिजे : वाऱ्याचा वेग दुप्पट झाला की त्याचा जोर दुप्पट होत नाही, चौपट होतो. गणित करून पाहा. सेकंदाला ५ मीटर वेगाचा वारा, म्हणजे सुमारे १० नॉट, एका चौरस मीटरवर साधारण दीड किलो वजनाइतका दाब देतो. ४ चौरस मीटरच्या शिडावर तो सहा किलोच्या आसपास होतो. हाच वारा सेकंदाला १० मीटर झाला की त्याच शिडावर चोवीस किलोंचा भार येतो. पहिला भार नववीचा मुलगा सहज तोलेल. दुसरा त्याला उचलून फेकील. म्हणून सहलीची आखणी तारखेपासून किंवा टेम्पोपासून सुरू न करता वाऱ्यापासून सुरू करावी.

नवशिक्यासाठी ५ ते १० नॉट वारा पुरे. जवळ यंत्र नसेल तर समुद्राकडे पाहूनच अंदाज करता येतो. फ्रान्सिस बोफर्ट या इंग्रज नौदल अधिकाऱ्याने १८०५ मध्ये तयार केलेली वाऱ्याची श्रेणी आजही उपयोगी पडते. पाण्यावर केवळ लहान लहान लहरी असून एकही फुटत नसेल तर वारा दुसऱ्या श्रेणीचा, ४ ते ६ नॉट. कोठे कोठे एखादा पांढरा तुरा दिसू लागला की तिसरी श्रेणी, ७ ते १० नॉट. जिकडे तिकडे पांढरे तुरे उठू लागले की चौथी, ११ ते १६ नॉट. नवशिक्याने तेव्हा वाळूवर बसून इतरांची मौज पाहावी.

गोव्याच्या किनाऱ्यावर फेब्रुवारी ते मे या काळात दुपारचा खारा वारा हा विश्वासू सोबती असतो. तापलेल्या जमिनीवरची हवा वर जाते आणि समुद्रावरची थंड हवा तिची जागा घेण्यास येते, हा पाठ सर्वांना पाठ आहेच. हा वारा दुपारच्या सुमारास सुरू होतो, बहुधा वायव्येकडून येतो, दोन ते पाच या वेळात भरात असतो आणि सूर्यास्ताबरोबर मावळतो. तो समुद्राकडून किनाऱ्याकडे वाहतो हा त्याचा मोठा गुण. दमलेल्याला तो घराकडे लोटतो. याउलट हिवाळ्यातील सकाळचा मतलई वारा. त्या वेळी किनाऱ्याजवळ पाणी आरशासारखे सपाट असते, कारण माड आणि टेकड्या वारा अडवतात. ते पाहून नवशिक्याला मोह होतो. तो दोनशे हात बाहेर जातो, तेथे आडोसा संपतो, वारा अंगावर येतो आणि फळी पश्चिमेकडे निघते. जाताना काही कष्ट पडत नाहीत. परतणे मात्र त्या ४५ अंशांच्या पट्ट्यात येते. शिकाऊ माणसाने मतलई वाऱ्यात फळी पाण्यात घालूच नये, असे माझे स्पष्ट मत आहे. पावसाळ्याचे चार महिने तर हा विषयच नको.

प्रत्येक जलाशयाला असा आपला वारा असतो. इटलीतील गार्दा सरोवर या खेळासाठी प्रसिद्ध आहे. तेथे सकाळी उत्तरेकडून वाहणाऱ्या वाऱ्याला 'पेलेर' आणि दुपारी दक्षिणेकडून येणाऱ्या वाऱ्याला 'ओरा' म्हणतात, आणि तेथील लोक आपले वेळापत्रक त्या दोन नावांवर बसवतात. आपल्या खारव्यांचे वेळापत्रकही वाऱ्यावरच असते. फक्त त्याची जाहिरात नाही.

आता त्या वृद्धाच्या प्रश्नाकडे वळू. तलावाला नसते ती गोष्ट समुद्राला असते, भरती-ओहोटी. आपल्या किनाऱ्यावर दिवसातून दोन वेळा भरती येते व दर दिवशी ती सुमारे ५० मिनिटे उशिरा येते. तिची वेळ काढण्याचा कोकणातील जुना ठोकताळा असा : तिथीच्या अंकाची पाऊणपट करावी. अष्टमी असेल तर आठाची पाऊणपट सहा. सकाळी व संध्याकाळी सहाच्या सुमारास पूर्ण भरती. चतुर्थीला तीन वाजता. एकादशीला सव्वाआठ. पौर्णिमेला किंवा अमावास्येला पंधराची पाऊणपट सव्वाअकरा. भरतीनंतर सुमारे सव्वासहा तासांनी पूर्ण ओहोटी. हा ठोकताळा आहे, घड्याळ नव्हे. ठिकाणपरत्वे त्यात अर्धा-पाऊण तासाचा फरक पडतो, म्हणून भारतीय सर्वेक्षण खात्याच्या भरती-ओहोटीच्या कोष्टकाशी तो ताडून पाहावा. पण आज फळी न्यावी की नाही, एवढे ठरवण्यास तो पुरतो.

आमच्या रविवारी हा हिशेब केला असता तर काय दिसले असते? पौर्णिमा, म्हणजे उधाणाची भरती. गोव्यात तेव्हा पाण्याची चढ-उतार दोन मीटरच्या घरात जाते. भरती सव्वाअकराला, ओहोटी साडेपाचला. मांडवीच्या खाडीत साठलेले ते सर्व पाणी मधल्या सहा तासांत मुखातून बाहेर पडणार. आणि ते सारख्या वेगाने पडत नाही. खलाशांचा एक हिशेब आहे : एकूण पाण्याचे बारा भाग केले तर पहिल्या तासात एक भाग उतरतो, दुसऱ्यात दोन, तिसऱ्यात तीन, चौथ्यात तीन, पाचव्यात दोन आणि सहाव्यात एक. म्हणजे अर्धे पाणी मधल्या दोन तासांतच वाहून जाते. सव्वाअकरापासून तिसरा व चौथा तास म्हणजे सव्वाएक ते सव्वातीन. आम्ही मुलाला पाण्यात सोडले सव्वादोन वाजता. जणू शोधूनच वेळ काढली होती!

येथे कोणी विचारील, वारा तर किनाऱ्याकडे वाहत होता, मग मुलगा बाहेर कसा गेला? शीड उभे असते तेव्हाच वाऱ्याचे राज्य. शीड पाण्यात पडले, फळी पाण्याला चिकटून बसली, की तिच्यावर वाऱ्यापेक्षा प्रवाहाचा अंमल अधिक चालतो. एक नॉटचा प्रवाह मिनिटाला ३१ मीटर नेतो. वीस मिनिटांत सहाशे मीटरांहून अधिक. मुलगा अर्धा तास पडत-उठत होता; आणि उठत होता त्याहून पडलेला अधिक वेळ होता.

याउलट अष्टमी-नवमीचे दिवस घ्या. तेव्हा भांगाची भरती असते. पाण्याची चढ-उतार एक मीटर किंवा त्याहूनही कमी, म्हणून प्रवाह मंद. शिवाय ओहोटी दुपारी बाराच्या सुमारास होऊन गेलेली असते आणि पुढे सहापर्यंत पाणी आत येत राहते. दुपारचा खारा वारा आणि चढते पाणी दोघेही किनाऱ्याकडे लोटतात. शिकाऊ मंडळींच्या सहलीसाठी याहून चांगला मुहूर्त नाही. रविवार त्या दिवशी येईलच असे नाही. न आल्यास रविवार सोडावा.

तिथीबरोबरच आदल्या दिवशी हवामान खात्याचा सागरी अंदाज आणि हैदराबाद येथील भारतीय राष्ट्रीय महासागर माहिती सेवा केंद्राच्या लाटांविषयीच्या सूचना पाहाव्यात. दूरच्या महासागरात उठलेल्या वादळाच्या लाटा येथे वारा नसतानाही येऊन आदळतात. त्या तिथीवरून कळत नाहीत. किनाऱ्यावर लाल निशाण असेल तर जीवरक्षकाशी वाद न घालता परत फिरावे. आणि रापण ओढणे चालू असेल तेथे तर जाऊच नये. त्या जाळ्यावर कित्येक कुटुंबांची त्या दिवसाची चूल अवलंबून असते.

दिवस ठरला म्हणजे मग साधने. फळीपासून आरंभ करू. फळीचे माप लिटरमध्ये सांगतात, आणि आर्किमिडीजचा सिद्धान्त शिकलेल्या विद्यार्थ्यास त्याचा अर्थ लगेच कळेल. एक लिटर पाण्याचे वजन एक किलो, खाऱ्या पाण्याचे किंचित अधिक. १८० लिटरची फळी पूर्ण बुडेपर्यंत १८० किलोंहून थोडे अधिक वजन तोलते. तीतून फळीचे स्वतःचे वजन समजा १४ किलो, शीड-डोलकाठी ८ किलो आणि मुलगा ५० किलो वजा केले तर शंभर किलोंहून अधिक उद्धरणशक्ती शिल्लक राहते. अशी फळी पायाखाली डळमळत नाही. शिकण्यासाठी १६० ते २२० लिटरची, ८० ते ९५ सेंटिमीटर रुंद, वरचा पृष्ठभाग मऊ आवरणाचा आणि मध्यभागी ती लांब पट्टी असलेली फळी घ्यावी. स्पर्धकांच्या हाती शंभर लिटरच्याही आतल्या सुबक फळ्या दिसतात. त्या थांबल्या की पाण्याखाली बसू लागतात. वेग असेल तोवरच त्या माणसाला तोलतात. २०२४ च्या ऑलिंपिकमध्ये तर फळीखाली पंख लावलेला प्रकार होता आणि फळी पाण्याच्या वर उचलली जाऊनच धावत होती. ती चित्रे पाहून दुकानात जाऊ नये.

शिडाच्या बाबतीत चुकायचेच असेल तर लहान घेऊन चुकावे. मंद वाऱ्यात साधारण ४० किलोंच्या मुलास ३ चौरस मीटर, ५५-६० किलोंच्यास ४ ते साडेचार, आणि ७५ किलोंच्या प्रौढास ५ ते साडेपाच चौरस मीटर शीड पुरते. लहान शिडाने वेग कमी मिळेल, इतकेच. मोठ्या शिडाचा त्रास केवळ वाऱ्यात होत नाही, पाण्यात पडल्यावर होतो. पसरलेल्या शिडावर पाणी साचते आणि त्यातील प्रत्येक लिटर एक किलोचा असतो. ते एकदम ओढू नये. दोर धरून, पाठ सरळ ठेवून, गुडघ्यांत वाकून, शिडाची कड थोडीशी उचलावी व क्षणभर थांबावे. पाणी निथळते, मग पुढचे सोपे जाते. आमच्या मुलाला हे कोणी सांगितले नव्हते. तो पाठीने ओढत होता, आणि घरी गेल्यावर दोन दिवस त्याला वाकता येत नव्हते, हे मला नंतर त्याच्या आईकडून कळले. ती माउली मला काही बोलली नाही. बोलली असती तर बरे वाटले असते.

शिडाच्या खालच्या कोपऱ्याजवळ काही आकडे छापलेले असतात. ते वाचल्याशिवाय कोणतेही शीड घेऊ नये. डोलकाठी किती लांबीची हवी आणि शीड धरण्याचा आडवा दांडा किती लांबवायचा, हे तेथे सेंटिमीटरमध्ये दिलेले असते. डोलकाठ्या ३७०, ४००, ४३०, ४६० अशा मापांच्या मिळतात, काचतंतूच्या किंवा कर्बतंतूच्या. कर्बतंतूची हलकी व महाग, काचतंतूची जड पण शिकाऊ हातांना अधिक सोसणारी. दोन्ही तुकडे जोडताना सांध्यात वाळू राहू देऊ नये, नाहीतर संध्याकाळी ते सुटत नाहीत व चारजणांना मिळून ओढावे लागतात. शीड चढवताना खालच्या दोराने ते पुरेसे ताणावे. नवखे लोक येथे कसर करतात, मग शीड झोळीसारखे फुगते आणि वाऱ्याची प्रत्येक झुळूक हात खेचते. ताण योग्य पडला की वरच्या टोकाचे कापड किंचित सैल दिसते, आणि तो दोष नसून वाऱ्याचा झटका तेथून निसटावा यासाठी केलेली योजना आहे.

सर्वांत लहान आणि सर्वांत महत्त्वाचा भाग म्हणजे डोलकाठीच्या पायाचा तो सर्वदिशांना वळणारा सांधा. तो बहुधा रबरासारख्या लवचीक द्रव्याचा असतो. उन्हाने व खाऱ्या पाण्याने त्याला बारीक चिरा पडतात. तो वाकवून, वळवून, बोटाने चाचपून पाहावा. चीर दिसली की तो सांधा टाकून द्यावा, मग मालक काहीही म्हणो. समुद्रात तो तुटला की हाती फळी एकीकडे आणि शीड एकीकडे. आम्ही मागून आणलेल्या सांध्यावर अशी चीर होती. मी ती पाहिली, पण संध्याकाळी, सामान टेम्पोत भरताना.

अंगावर तरंगते जाकीट हवेच. पोहता येते म्हणून ते टाळणारा मुलगा मी सहलीला नेत नाही. पायात पातळ तळाचे जोडे असावेत, कारण कालवांचे शिंपले आणि जांभ्या खडकाच्या कडा पाय चिरतात. पूर्ण बाह्यांचा अंगरखा, डोक्याला दोरीने बांधलेली टोपी, प्रत्येकी किमान दोन लिटर पिण्याचे पाणी. कमरेला बांधून शिडाला अडकवण्याचा पट्टा दुकानदार आग्रहाने दाखवतात. पहिल्या वर्षी त्याची गरज नाही. त्या पैशात दहा मीटर जादा दोर, एक जादा सांधा आणि एक शिटी येते आणि तरीही पैसे उरतात.

अडचणीत सापडल्यास काय करायचे, हे किनाऱ्यावर प्रत्यक्ष करून घ्यावे. फळीला धरून राहावे. पाण्यातले डोके दूरवरून दिसत नाही, फळी दिसते. दोन्ही हात बाजूंना पसरून सावकाश वर-खाली करणे ही मदत मागण्याची खूण आहे. किनारा जवळ असेल तर शीड सोडवून डोलकाठीभोवती गुंडाळावे, ते फळीवर लांबीने ठेवावे, त्यावर पालथे पडून हातांनी वल्हवावे. ते जमत नसेल तर शीड सोडून द्यावे. शीड पुन्हा विकत मिळते.

मे महिन्यात आम्ही पुन्हा गेलो. शुक्ल अष्टमी, वार बुधवार. त्या मुलाच्या वडिलांकडे परवानगी मागायला मी स्वतः गेलो होतो. सोबत पंचांग, भरतीचे कोष्टक आणि नवा सांधा नेला. त्यांनी सांधा हातात घेऊन बराच वेळ वाकवून पाहिला आणि म्हणाले, "मीही येतो, सर." ते आले. एका शिकलेल्या खेळाडूस आम्ही फळी घेऊन बाहेरच्या बाजूस उभे केले होते, आणि त्याच वृद्ध खारव्याची होडी दिवसभरासाठी ठरवली होती. दोन वाजता पाण्यावर तुरळक पांढरे तुरे दिसू लागले. मुलगा तीन चौरस मीटरचे शीड घेऊन निघाला. सात वेळा पडला. मी मोजत होतो. प्रत्येक वेळी तो आमच्या समोरच होता, किंबहुना थोडा किनाऱ्याकडेच सरकलेला. आठव्या खेपेस तो वाऱ्याला आडवा पन्नासएक मीटर गेला, शीड मागे कलवून फळी वळवली आणि तसाच परत आला. वाळूवर उतरताच धापा टाकीत त्याने विचारले, "सर, आता साडेचारचे शीड लावू?"

मी काही बोलण्यापूर्वीच त्याचे वडील समुद्रावरचे पांढरे तुरे मोजू लागले होते.